काच नक्षी, दोन नग

भाऊसिंगजी रोडवरचा दातांचा दवाखाना बंद झाला
आणि त्याच्या खिडकीच्या दोन काचा माझ्या दुकानात आल्या,
गोधडीत गुंडाळून, रिक्षातनं, मांडीवर.
आत आ वासून बसलेली माणसं
रस्त्यावरनं दिसू नयेत म्हणून केलेल्या, धुक्याच्या काचा.
धुक्यात दोन राघू, जाईचा वेल,
आणि जाईला कधीच न लागणारं एक डाळिंब.

मालक म्हणाले, बेल्जियमच्या असतील.
आमच्याकडं जुनी काच म्हटली की ती बेल्जियमची,
जसं जुनं कुलूप म्हटलं की अलिगढचं.
असेल, म्हटलं. पण डावीकडच्या राघूच्या चोचीत बघा:
देठासकट लवंगी मिरची.
बेल्जियमच्या माणसाला हे कसं सुचलं?

मग त्यांना नाव हवं झालं.
पुण्याचं गिऱ्हाईक होतं; नाव कळलं तर दुप्पट देणार होतं.

चाळीस वर्षं काच कापतोय मी,
पण कापणाऱ्याला कोरणाऱ्याचं काय कळतंय?
काठाला हिरवी झाक, पोटात तीन बुडबुडे.
काच कुठलीही असो, चावा तेजाबाचा आहे.
आधी डांबर फासायचं, नक्षी खरवडायची, मग तेजाब.
उघडं पडेल तेवढं ते खातं.
झाकलेलं तसंच राहतं, लख्ख.

गुजरीत दिनानाथ पोतदारानं डोळ्याला भिंग लावलं
आणि गिऱ्हाईक ताटकळत ठेवून बघत बसला.
"सोनाराचा हात न्हवं.
आम्ही पान देठाकडनं काढतो, ह्यानं टोकाकडनं धरलंय.
आणि रेघ उलटी ओढलीय. डावरा असणार."
मिरचीला मात्र हसला. चहा सांगितला.

दवाखान्याच्या वहीत, वाळवीनं सोडलेल्या एका पानावर,
सुबक बाळबोध अक्षर:
बळवंत कासार. काच नक्षी, दोन नग. सात रुपये. तेजाब वेगळं.
झालं की काम. मिळालं नाव.

उत्तरेश्वर पेठेत त्यांचा भाचा, रमाकांत कोळपकर,
अजून बांगड्या भरतो.
"मामा? मामा उजवा. आणि त्याचा हात असा,"
त्यानं कप हलवून दाखवला, चहा बशीत सांडला.
"सही करायला घेतली तर दोन ओळी खाली उतरायची.
दुकान त्याचं, पाटी त्याची.
डांबराचा वास यायचा तो मागनं, न्हाणीच्या अंगानं.
तिथं मामी असायची."

डावऱ्या होत्या का?

"आरती उलटी फिरवायची. सगळी हसायची.
आणि मिरच्या कच्च्याच खायची भाकरीबरोबर,
देठ धरून. तेवढं आठवतंय."

नाव काय त्यांचं?

तो बांगड्यांच्या तोड्याकडं बघत राहिला.
एक गिऱ्हाईक आलं, गेलं.
"मामीच म्हणायचो आम्ही."

रात्री दुकानात काच दिव्यासमोर उभी धरली.
वेल संपतो तिथं, उजव्या कोपऱ्यात, एक ठसा.
डांबर ओलं असताना बोट टेकलं असणार,
रेषारेषांतनं तेजाब शिरलं असणार.
अंगठा. भोवऱ्यासकट.
मी माझा त्यावर ठेवून बघितला.
तो पुरता झाकला गेला, एवढा लहान.
चुकून टेकला की टेकवला,
हे भिंग सांगत नाही.

सकाळी पावतीवर लिहिलं, कारागीर,
आणि पेन तसंच धरून बसलो.
बळवंत कासार लिहिलं. मग पुढं जोडलं:
यांच्या घरातून.
मालकांनी वाचलं, नाव आहे एवढं बघितलं,
घडी करून खिशात घातलं.

गोधडी बांधताना म्हणाले,
कोपऱ्यात डाग राहिलाय बघा, पुसा जरा.

मी फडकं फिरवलं.
पुन्हा एकदा फिरवलं, त्यांच्या समाधानासाठी.
जात नाही, म्हटलं.